अक्षराची जामीनकी

म्युनिकमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. गेल्या दिवाळीपर्यंत त्याला एक पोस्टर टांगलेलं होतं. दिवाळीनंतर ते मी काढलं आणि कपाटामागे उभं करून ठेवलं. ते काढणं बरोबर होतं का, हा प्रश्न मला पुढे कित्येक महिने पुरला. एखादं पोस्टर, एखादं बोधचिन्ह, एखाद्या पाटीवरचं अक्षर आपल्याला मनापासून आवडतं, तेव्हा आपण नेमकी कशाला दाद देत असतो?

पोस्टर लुडविग होलवाइन या चित्रकाराचं. मूळ नव्हे अर्थात. जुन्या बाजारात बारा युरोंना मिळालेली छापील प्रत. होलवाइन 1874 साली जन्मला, शिकला वास्तुशास्त्र, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या म्युनिकमध्ये जाहिरातीच्या पोस्टरांचा बादशहा झाला. कॉफी, सिगारेट, मोटारगाड्या, प्राणिसंग्रहालय, तयार कपड्यांची दुकानं, सगळ्यांना तोच हवा असायचा. माझ्याकडचं पोस्टर कपड्यांच्या दुकानाचं आहे. त्यात कडेची रेघ कुठेही नाही. उजेडाचा एक सपाट तुकडा, सावलीचा एक सपाट तुकडा, अधलंमधलं काही नाही. तरी माणूस ऐटीत उभा आहे आणि त्याचं कापड जाड लोकरीचं आहे हे लांबूनही कळतं. कापडाची चौकडी त्याने चौकडीचा कागद कापून चिकटवावा तशी सपाट रंगवली आहे. घडीबरोबर ती वळत नाही. घड्या आपला डोळाच बिनतक्रार घालून घेतो. बघणाऱ्याकडून निम्मं काम करून घेणारी ही कारागिरी पाहून मी त्या बाजारात थंडीत दहा मिनिटं उभी होते.

हे चित्र आवडायला एक घरगुती कारणही आहे. माझे वडील कराडला पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हेत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरची सुवचनं आणि निवडणुका आल्या की सगळ्याच पक्षांच्या भिंती रंगवणारे. आधी चुन्याचा हात, मग खडू लावलेली दोरी ताणून एक फटका, की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेघ, आणि शिरोरेघेला लटकणारी अक्षरं. अक्षराच्या उजव्या अंगाला आणि खाली गडद शेड दिली की सपाट भिंतीतून अक्षर उठून बाहेर यायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. अप्पा म्हणायचे, "कमी रंगात अक्षर उभं करता आलं पाहिजे. रंग काय, कुणीबी ओततंय." होलवाइनचं पोस्टर पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार अप्पांच्याच शब्दांत आला: ह्या माणसानं रंग वाचवलाय आणि माणूस उभा केलाय. पोस्टर विकत घेतलं म्युनिकच्या बाजारात, पण घेतलं ते कराडच्या आठवणीने.

गेल्या दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी फराळाला बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या, शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. चकली त्यांना आवडली. चिवड्यातल्या मिरचीशी त्यांचं जमेना. जाताना दाराशी थांबून त्यांनी पोस्टरकडे पाहिलं. "होलवाइन," त्या म्हणाल्या. "सुंदर आहे. याची पुढची कामं पाहिलीत का तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

"बघा एकदा. माझ्या आईच्या शाळेच्या भिंतीवर असायची ती."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या शुभेच्छा देऊन वर गेल्या आणि मी त्याच रात्री पाहिलं. 1930च्या आगेमागे होलवाइनने एका माजी सैनिकांच्या संघटनेसाठी पोस्टर केलं: पोलादी शिरस्त्राण घातलेला एक सैनिक सरळ आपल्याकडे बघतो आहे आणि खाली दोनच शब्द आहेत, "आणि तू?" 1934 सालचं एक पोस्टर नाझींच्या मुलींच्या संघटनेच्या क्रीडादिनाचं. एक 1936च्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या हिवाळी ऑलिंपिकचं, त्यात स्कीपटूचा एक हात वर गेलेला. नाझी पक्षाचा तो सदस्यही झाला होता. या चित्रांनी मला अस्वस्थ केलं ते विषयामुळे, पण त्याहून जास्त हातामुळे. हात तोच होता. उजेडाचा सपाट तुकडा, सावलीचा सपाट तुकडा, अधलंमधलं काही नाही. कोट विकताना जी युक्ती वापरली तीच तरुण पोरापोरींना रांगेत उभं करताना वापरली. बघणाऱ्याकडून निम्मं काम इथेही करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टर उतरवलं.

या पेचातून सुटायला दोन सोप्या वाटा आहेत. पहिली वाट म्हणते, कला वेगळी, कलावंताची नीती वेगळी. आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असलेला फडके-खांडेकरांचा वाद इथे लगेच हाताशी येतो: कलेसाठी कला की जीवनासाठी कला? पण पोस्टर या वादात कुठेच बसत नाही. ती गिऱ्हाइकासाठी कला आहे. कवी स्वतःच्या वतीने बोलतो. पोस्टर करणारा नेहमी दुसऱ्याच्या वतीने बोलतो. दुकानदाराच्या, साबणवाल्याच्या, पक्षाच्या, सरकारच्या. पोस्टरमधून "कशासाठी" हा प्रश्न काढून टाकला, तर जे उरतं त्याला चित्र म्हणता येईल, पोस्टर म्हणता येणार नाही. नुसत्या आकारावर प्रेम करणं म्हणजे वकिलाच्या आवाजावर खूश होऊन खटला कशाचा चालला आहे ते न विचारणं.

दुसरी वाट अगदी उलटी. जे वाइटासाठी वापरलं गेलं ते दिसायलाही वाईटच, असं ठरवून टाकायचं. नावडतीचं मीठ अळणी. पण होलवाइनचं मीठ अळणी नाही, हे माझ्या डोळ्यांना माहीत आहे, आणि डोळ्यांशी खोटं बोलून नीतिमान होता येत नाही. शिवाय आकारालाच दोषी धरायला लागलं की काय होतं, याचा एक मासला याच देशाच्या इतिहासात आहे. जर्मन भाषा शतकानुशतकं फ्राक्टूर नावाच्या टोकदार, मोडलेल्या रेषांच्या अक्षरांत छापली जात होती. नाझींनी सुरुवातीला ती अस्सल जर्मन लिपी म्हणून मिरवली. मग 3 जानेवारी 1941ला मार्टिन बोरमानच्या सहीचं एक परिपत्रक निघालं: ही अक्षरं खरं तर ज्यू अक्षरं आहेत, यापुढे ती वापरायची नाहीत. इतिहास म्हणून तो दावा साफ खोटा होता. आणि ज्या कागदावर हा हुकूम टंकलिखित केला होता, त्याचा छापील मथळा त्याच टोकदार अक्षरांत होता. काल जी अक्षरं पवित्र होती ती आज गुन्हेगार ठरली, आणि अक्षरांनी मधल्या काळात काहीच केलं नव्हतं. आज म्युनिकमध्ये बिअरच्या बाटल्यांवर आणि खानावळींच्या पाट्यांवर तीच अक्षरं मजेत बसलेली दिसतात. अक्षर दोषी नसतं. मग दोष आणि श्रेय नेमकं कुठे असतं?

याचं उत्तर मला जर्मनीत सापडलं नाही. ते आमच्या घरातच पडून होतं.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात सागवानाच्या लागवडीच्या योजनांचं पीक आलं होतं. आज थोडे पैसे भरा, आम्ही तुमच्या नावाने झाड लावू, झाड मोठं होईल आणि तुम्ही श्रीमंत व्हाल. अशाच एका योजनेच्या सतरा भिंती अप्पांनी रंगवल्या. मी तेव्हा दुसरीत होते. त्यांनी एकाच भिंतीवर एकच झाड तीन वयांचं काढलं होतं: रोप, मग मांडवाएवढं, मग आभाळात गेलेलं, आणि प्रत्येकाखाली रुपयांचे आकडे, झाडाबरोबर मोठे मोठे होत जाणारे. आकड्यांना पिवळी शेड होती. एस.टी.तून उतरणारी माणसं थांबून बघायची. त्यांच्या सगळ्या कामांत ते मला सर्वांत सुंदर वाटायचं.

दोन-तीन वर्षांत योजनावाले कार्यालयाला कुलूप लावून गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायला बसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनीही पैसे भरले होते. त्या एका संध्याकाळी आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पेंटर, मला वाचाया येत नाही. पण अक्षर तुमचं हाय, ते वळखू येतं. म्हणून भरले."

या वाक्याने अप्पा दोन दिवस जेवले नाहीत, असं आई सांगते. मला आठवतं ते पुढचं. त्यांनी चुन्याची पोती आणली, आणि सुट्टीच्या दिवशी, पदरच्या पैशाने, सतराही भिंती पांढऱ्या केल्या. शेवटच्या भिंतीवर मी बादली धरून उभी होते. चुन्याच्या पहिल्या हातात झाड जाईना, हिरवं दिसत राहिलं. तीन हात द्यावे लागले.

मावशींना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट मला आज फार महत्त्वाची वाटते. भिंतीवरच्या मजकुराने त्यांना फसवलंच नव्हतं. मजकूर त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पोचलं होतं ते फक्त अक्षराचं वळण. शाळेच्या भिंतीवर, मारुतीच्या देवळाच्या पाटीवर, वाण्याच्या दुकानावर त्यांनी तेच वळण पाहिलं होतं आणि त्या सगळ्या जागा विश्वासाच्या होत्या. तो साठवलेला विश्वास योजनावाल्यांनी एका भिंतीच्या मजुरीत विकत घेतला, आणि अप्पांना आपण तो विकतो आहोत हे कळलंही नाही.

आपल्याकडे सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं तर जामीनदार लागतो. कर्ज एक जण घेतो, पण फॉर्मवर दुसऱ्याची सही असते, कारण त्या दुसऱ्याची पत असते. जामीन राहणं हा आपल्या समाजातला एक मोठा नैतिक प्रसंग आहे. नाही म्हटलं तर नातं तुटतं, हो म्हटलं तर झोप जाते. मला वाटतं, देखणं अक्षर, सुबक बोधचिन्ह, डोळ्यांत भरणारं पोस्टर हे सगळे जामीनदार असतात. ज्याची पत नाही त्याला पत मिळवून देणं हेच त्यांचं काम. नव्या कंपनीला जुनी वाटेल असं चिन्ह, अनोळखी डॉक्टरला भरवशाची वाटेल अशी पाटी, कालच्या पक्षाला युगायुगांचा वाटेल असा ध्वज. यात वाईट काही नाही. जामीनदार नसते तर कितीतरी चांगल्या माणसांना कधी कर्जच मिळालं नसतं. पण जामीनदार कोण याची खरी व्याख्या सही करताना कळत नाही. कर्ज बुडालं की वसुली ज्याच्या दारात येते, तो जामीनदार. अप्पांच्या दारात वसुली आली. मावशींचे पैसे परत करण्याएवढी त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी सतरा भिंती परत केल्या.

त्यानंतर अप्पांनी स्वतःपुरता एक नियम केला. पेंटर लोक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात. अप्पा ते दुकानांच्या पाट्यांवर टाकायचे, जाहिरातींच्या भिंतींवर नाही. आता ते प्रत्येक कामावर टाकायला लागले. "जिथं नाव घालायची लाज वाटंल, ते काम घ्यायचं न्हाई." मोठेपणी मला हा नियम परिपूर्ण वाटायचा. होलवाइनने तो मोडला. त्याची सही पोस्टरांच्या जगात प्रसिद्ध आहे: ठसठशीत मोठ्या अक्षरांत नाव, आणि खाली गावाचं नाव, म्युनिक. ती अक्षरांची चौकट त्याच्या कपड्यांच्या पोस्टरावर आहे आणि नंतरच्या पोस्टरांवरही आहे. त्याने नाव लपवलं नाही. ज्याला लाज वाटत नाही त्याला सहीचा नियम अडवू शकत नाही. म्हणजे सही ही जामीनकीची खूण असली, तरी जामीनकी तिथे संपत नाही.

हे मला ज्या जागी उमगलं तिथून मी रोज सायकलवरून जाते. म्युनिकच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या फरसबंदीत काही कागद पडलेले दिसतात. नवखा माणूस ते उचलायला वाकतो. कागद फरशीतच जडवलेले असतात. ती 'व्हाइट रोझ' या गटाच्या पत्रकांची प्रतिकृती आहे. हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी 18 फेब्रुवारी 1943ला याच इमारतीत हिटलरविरोधी पत्रकं ठेवली आणि ते पकडले गेले. चार दिवसांनी, 22 फेब्रुवारीला, त्या दोघांना आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याला मृत्युदंड दिला गेला. सोफी 21 वर्षांची होती, प्रोब्स्ट 23, हान्स 24.

या पत्रकांकडे डिझाइन म्हणून पाहा. टंकलेखन यंत्रावर बडवलेला, सायक्लोस्टाइलवर काढलेला दाट मजकूर. चित्र नाही, रंग नाही, श्वास घ्यायला समास नाही. होलवाइनच्या पोस्टरासमोर ते दोन सेकंद टिकणार नाही. खाली सहीसुद्धा नाही. करताच येत नव्हती. पण कर्जाची वसुली आली तेव्हा ती पूर्ण चुकती झाली. त्या कागदाच्या शब्दामागे माणसं उभी होती. होलवाइनच्या पोस्टरामागे सही होती, वसुली मात्र इतरांच्या दारात गेली, "आणि तू?" या प्रश्नाला "मीही" म्हणणाऱ्यांच्या आणि त्यांनी ज्यांच्यावर बंदुका रोखल्या त्यांच्या.

म्हणजे चांगलं काम कुरूपच असावं, असा याचा अर्थ होतो का? हा निष्कर्ष मला पटला नसता, आणि सुदैवाने याच शहरात त्याचं उत्तरही आहे. ऑट्ल आयशर हा उल्म गावचा मुलगा, जन्म 1922चा, शोल भावंडांच्या घरचा मित्र. हिटलरच्या युवक संघटनेत जायला त्याने नकार दिला, त्यापायी त्याला शाळेची अंतिम परीक्षा देऊ दिली नाही. युद्धानंतर त्याने सोफीची मोठी बहीण इंगे शोल हिच्याशी लग्न केलं, आणि दोघांनी माक्स बिलबरोबर उल्मला डिझाइनची एक शाळा उभी केली. 1953 ते 1968 अशी ती चालली. मग 1972चं ऑलिंपिक म्युनिकला आलं आणि त्याची सगळी दृश्यभाषा ठरवायचं काम आयशरकडे आलं.

जर्मनीतलं त्याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक 1936चं, बर्लिनचं, लाल झेंड्यांच्या जंगलातलं. आयशरने लाल रंग कटाक्षाने टाळला. आकाशाचा फिका निळा, गवताचा हिरवा, चंदेरी, पिवळा, नारिंगी असे रंग घेतले. अक्षरं घेतली युनिव्हर्स या टाइपफेसची, ज्यांना कोणत्याच देशाचा गर्व चिकटलेला नाही. प्रत्येक खेळासाठी एक चिन्हाकृती केली: डोक्याच्या जागी एक गोळा, आणि हातपाय फक्त सरळ, आडवे किंवा पंचेचाळीस अंशांत कललेले. स्नायू नाहीत, चेहरा नाही, वंश नाही. हिटलरच्या शिल्पकारांनी आणि पोस्टरकारांनी ज्या भारदस्त शरीराची पूजा केली, ते शरीरच त्याने काढून टाकलं. आज जगभरच्या विमानतळांवर आणि स्टेशनांवर आपण ज्या चिन्हांच्या मागून चालतो, त्यांत त्या कुळातली कितीतरी आहेत. मी सात वर्षांपूर्वी या गावात उतरले तेव्हा मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. सामान कुठे, गाडी कुठे, बाहेरचा रस्ता कुठे, हे मला माणसांच्या आधी त्या बिनचेहऱ्याच्या आकृत्यांनी सांगितलं. भाषा न येणाऱ्या माणसाला वाचता येईल असं लिहिणं, आणि तेही खरं लिहिणं, हे कराडच्या मावशींच्या बाबतीत जे घडलं त्याच्या नेमकं उलट आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर फारच गोड झाली असती. पण 1972च्या त्या फिक्या निळ्या रंगात एक वचन होतं: हा देश आता वेगळा आहे, इथे तुम्हाला कसलंच भय नाही. सुरक्षारक्षकांनाही फिक्या निळ्या रंगाचे कपडे दिले होते आणि त्यांच्याकडे शस्त्रं नव्हती. 5 सप्टेंबरच्या पहाटे दहशतवादी क्रीडाग्रामात शिरले आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत इस्रायलच्या पथकातले 11 जण मारले गेले होते. रंगाने दिलेला शब्द पोलिसांना पाळता आला नाही. त्याचा दोष मी आयशरला देत नाही. तरी जामीनदार सज्जन असला म्हणून कर्ज फिटतंच असं नाही, हे त्या निळ्या रंगाकडे पाहताना मला विसरता येत नाही. होलवाइन आणि आयशर यांच्यातला फरक निकालाचा नाही. एकाने, ज्याला आधीच सगळी ताकद मिळत होती त्याला आणखी पत मिळवून दिली. दुसऱ्याने, आपण कुणासाठी सही करतो आहोत हे विचारून, डोळे उघडे ठेवून, एका आशेसाठी सही केली.

इतकं सगळं दुसऱ्यांबद्दल लिहिल्यावर स्वतःबद्दल एक सांगणं भाग आहे. मी संशोधन करते विद्युतघटांवर. बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की तिची क्षमता हळूहळू घटते. ती घट कमी करणारं एक लेपन आमच्या गटाने केलं. तीन वर्षांपूर्वी एका परिषदेत मी त्याचं पोस्टर लावलं आणि मला उत्कृष्ट पोस्टरचं बक्षीस मिळालं. अप्पांची मुलगी आहे; मोकळी जागा किती सोडायची हे मला कळतं. पाचशे वेळा चार्ज केल्यावर लेपनाविना 93 टक्के क्षमता उरत होती, लेपनासह 96. आलेखाचा उभा अक्ष मी शून्याऐवजी 92पासून सुरू केला. म्हणजे एक स्तंभ एक घर उंच आणि दुसरा चार घरं उंच. आकडे खरेच होते, अक्षावर लिहिलेलेही होते. पण चौपट फरक डोळ्याला आधी दिसतो, आकडे नंतर. शिवाय मोजमापातली अनिश्चितता दाखवणारे एरर बार मी काढून टाकले, कारण त्यांनी गर्दी होत होती.

वर्षभराने दुसऱ्या देशातल्या एका विद्यार्थिनीची मेल आली. आमचं लेपन वापरून तिने सहा महिने काम केलं होतं आणि फरक तिच्या मोजमापाच्या अनिश्चिततेतच हरवत होता. तिचं काही चुकतंय का, असं तिने विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, तुमचं पोस्टर इतकं स्पष्ट होतं, म्हणून मी हा विषय घेतला.

तिला वाचता येत होतं. तरी ते मावशींचंच वाक्य होतं.

मी तिला सगळे मूळ आकडे पाठवले आणि चूक तिची नाही, माझ्या आलेखाची आहे, असं लिहिलं. आमच्या गटाच्या संकेतस्थळावरचं पोस्टर काढून शून्यापासून सुरू होणारा आलेख लावला, एरर बारसकट. तो दिसायला अगदी सपाट आहे. दोन स्तंभ जवळजवळ सारखे. त्याला कुणी बक्षीस देणार नाही. पण तिचे सहा महिने काही मला परत करता आले नाहीत.

म्हणून आता मला असं वाटतं, की चांगलं डिझाइन पाहून जो आनंद होतो तो दाबायचं कारण नाही. तो खरा आनंद आहे, आणि कुणाच्या तरी हाताने तो वर्षानुवर्षं घासून मिळवलेला आहे. फक्त दाद देताना दोन गोष्टी एका दमात विचारायची सवय लावून घ्यावी: हे कुणाच्या वतीने बोलतंय, आणि शब्द खोटा निघाला तर वसुली कुणाच्या दारात जाईल? हे विचारल्याने चित्र कमी सुंदर दिसत नाही. उलट, युनिव्हर्सची साधी अक्षरं, शून्यापासून सुरू होणारा अक्ष, अनोळखी गावात बाहेरचा रस्ता दाखवणारी एक आकृती, अशा ज्या गोष्टींकडे आपण सहसा पाहतही नाही, त्यांचं सौंदर्य दिसायला लागतं. आणि आपण भिंतीवर काही टांगतो, चार जणांना दाखवतो, "बघा काय सुंदर आहे" म्हणतो, तेव्हा आपणही त्या फॉर्मवर दुसरा जामीनदार म्हणून सही करत असतो.

फ्लेक्स आले आणि पाच-सहा वर्षांत अप्पांचं काम बंद झालं. आता ते कराडलाच असतात, हात थोडा कापतो. गेल्या महिन्यात मी त्यांना होलवाइनच्या दोन्ही पोस्टरांचे फोटो पाठवले, कोटवाल्या माणसाचा आणि शिरस्त्राणवाल्या सैनिकाचा, आणि कोण, कधी, कशासाठी ते सांगितलं. फोनवर ते बराच वेळ गप्प होते. फोटो मोठा करून बघत असावेत.

"हात लई मोठा माणसाचा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दोन्हीवर सही त्याचीच हाय का गं?"

"हो अप्पा."

"मग चुना कुणी मारला?"

मला उत्तर देता आलं नाही. होलवाइन 1949 साली वारला. त्याच्या भिंती त्याने पांढऱ्या केल्या नाहीत. ते काम नंतरच्या माणसांनी केलं, अजून करत आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी कपाटामागचं पोस्टर काढलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं. रिकाम्या खिळ्याकडे बघून कुणी काही विचारत नाही, आणि मलाही काही सांगावं लागत नाही. या दिवाळीला वरच्या मजल्यावरच्या बाई फराळाला आल्या, की त्यांना सांगेन: पुढची कामं पाहिली. चिवडा या वेळी बिनमिरचीचा करणार आहे.